‘ताई, अधिक करू की वजा?’ : चौथीतल्या एका मुलीचा प्रकरण अभ्यास

भांडुप पश्चिमेला टेंभीपाड्याच्या चढावर आमचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग भरतो. येणारी बहुतेक मुलं महापालिकेच्या मराठी शाळांतली आहेत. जिच्याबद्दल लिहिते आहे ती मुलगी तेव्हा चौथीत होती. तिचं नाव इथे देत नाही. वडील रात्रपाळीचे वॉचमन, आई घरी इमिटेशनच्या माळांचे मणी ओवते, मोठी बहीण आठवीत आणि धाकटा भाऊ पहिलीत.

आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “गणित येतं तिला. शाब्दिक आलं की गडबडते.” वही बघितल्यावर पटलं. हातच्याची बेरीज, दशक मोडून वजाबाकी, दोन अंकी गुणाकार, सगळं ओळीत आणि बरोबर. पंधरापर्यंतचे पाढे मधूनच विचारले तरी अडत नव्हती. शाब्दिक उदाहरणांच्या पानावर मात्र तीच मुलगी कधी बेरीज, कधी गुणाकार करून मोकळी झालेली, आणि प्रत्येक उत्तराखाली पट्टीनं दोन रेघा. शेजारी लाल शाईत शेरा : ‘उदाहरण नीट वाचावे.’

शेरा चुकीचा नाही. पण ‘नीट वाचणं’ म्हणजे काय करायचं, हे तिला कळावं असं त्यात काही नाही. ती तर वाचतच होती, आणि तेही मोठ्यानं, न अडखळता.

गडबड नेमकी कुठे होते

तिच्या शेजारी बसून हे उदाहरण दिलं :

‘रमाकडे २४ मणी आहेत. ते सीमाकडील मण्यांपेक्षा ९ ने जास्त आहेत. तर सीमाकडे किती मणी आहेत?’

तिनं घडाघडा वाचलं. मग पेन्सिल उचलून २४ ला गोल केला, ९ ला गोल केला, ‘जास्त’ खाली रेघ मारली आणि माझ्याकडे बघितलं. “ताई, अधिक करू की वजा?” मी बोलले नाही. ती स्वतःशीच म्हणाली, “जास्त आहे ना, म्हणजे अधिक.” ३३ लिहिलं, दोन रेघा मारल्या, वही पुढे सरकवली.

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅन न्यूमन यांनी १९७७ साली अशा चुका शोधण्यासाठी पाच टप्प्यांची पद्धत मांडली : मुलाला उदाहरण वाचता येतं का, त्याचा अर्थ कळतो का, अर्थावरून योग्य क्रिया निवडता येते का, ती क्रिया बिनचूक करता येते का, आणि शेवटी उत्तर नीट लिहिता येतं का. मूल पहिल्यांदा ज्या टप्प्यावर अडखळतं तिथे काम करायचं. साधी वाटते, पण वर्गात चाळीस मुलं असताना ही विचारपूस होत नाही आणि सगळ्या चुका एकाच लाल शेऱ्याखाली जातात.

पहिला टप्पा तिचा पक्का होता. (मराठीत तोही गृहीत धरता येत नाही. ‘एकोणसत्तर’ ऐकून ७९ लिहिणारी मुलं आमच्याकडे आहेत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं आणि केवढा वाद झाला, पण मुलांची मूळ अडचण खरीच होती.) चौथा टप्पाही पक्का. अडत होतं ते मध्ये.

“काय विचारलंय यात?” असं विचारल्यावर तिनं शेवटची ओळ पुन्हा वाचून दाखवली. मग मी विचारलं, “दोघींपैकी जास्त मणी कोणाकडे?” ती म्हणाली, “सीमाकडे.” कशावरून? “तेहेतीस आले ना.”

या उत्तरावर मी बराच वेळ विचार करत होते. गोष्ट समजून घेऊन त्यावरून क्रिया ठरवायची, हा आपण धरून चाललेला क्रम. तिनं आधी क्रिया ठरवली, तिचं उत्तर काढलं आणि त्या उत्तरावरून गोष्ट रचली. त्यामुळे ताळा करायला सांगून उपयोग नव्हता, कारण ताळा करायचा तर पडताळायला एक वेगळी गोष्ट डोक्यात असावी लागते. ती तिच्याकडे नव्हतीच.

मग वही मिटायला सांगून नुसत्या गप्पा मारल्या. तुझं वय काय? नऊ. तू भावापेक्षा किती वर्षांनी मोठी? तीन. मग भाऊ किती वर्षांचा? “सहा.” क्षणाचाही विलंब नाही. इथे अधिक का नाही केलंस? तिला प्रश्नच विचित्र वाटला. “तो माझ्याहून लहान आहे ना!”

वहीतलं उदाहरण आणि हे, दोन्हींचा सांगाडा एकच. ‘मी नऊ वर्षांची आहे, मी भावापेक्षा ३ वर्षांनी मोठी आहे, तर भाऊ किती वर्षांचा?’ इथेही ‘मोठी’ आहे, ‘पेक्षा’ आहे, आणि करायची वजाबाकीच. फरक एवढाच की भाऊ तिच्या डोळ्यांसमोर होता आणि सीमा नव्हती.

हे तिच्या एकटीचं नाही आणि चौथीचंही नाही. लुईस आणि मेयर या अमेरिकी संशोधकांनी १९८७ साली याच प्रकारची उदाहरणं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा ‘जास्त’ लिहिलेलं पण वजाबाकी करायची असलेली उदाहरणं त्यांचीही अधिक चुकली. पुढे १९९५ मध्ये हेगार्टी, मेयर आणि मंक यांनी सोडवणाऱ्यांच्या नजरेचा माग घेतला. उदाहरण वारंवार चुकवणाऱ्यांची नजर पुन्हा पुन्हा आकड्यांवर आणि ‘जास्त-कमी’सारख्या शब्दांवर जात होती. ज्यांना जमत होतं ते कोणाबद्दल बोललं जातंय, तिकडेही परत वळत होते. आमच्या मुलीच्या पेन्सिलीनं केलेले दोन गोल आणि एक रेघ म्हणजे पहिल्या गटाची नजर कागदावर उमटलेली.

तक्ता

तिच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर, आतल्या बाजूला, एक तक्ता चिकटवलेला होता. असा तक्ता मुंबईत अनेक घरांत, शिकवण्यांत आणि गाईडांत सापडेल. एकूण, मिळून, सर्व : बेरीज. उरले, शिल्लक, फरक : वजाबाकी. प्रत्येकी : गुणाकार. समान वाटणी : भागाकार.

या तक्त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तो मुलांना वाचण्यापासून तोडतो. तो देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, घाबरलेल्या मुलाला धरायला काहीतरी हवं असतं, हे मान्य. पण ही उदाहरणं बघा. ‘सुरेखाने १५ रुपये खर्च केले. तिच्याकडे ३५ रुपये उरले. तर सुरुवातीला किती होते?’ ‘उरले’ आहे आणि करायची बेरीज. ‘४८ पेढे ८ मुलांना समान वाटले, तर प्रत्येकी किती मिळाले?’ ‘प्रत्येकी’ आहे आणि करायचा भागाकार. ‘दोघांचे मिळून ५० रुपये आहेत, त्यांतले १८ एकाचे, तर दुसऱ्याचे किती?’ ‘मिळून’ आहे आणि करायची वजाबाकी. हीच तर चौथी-पाचवीत येणारी उदाहरणं. दुसरीपर्यंत तक्ता बऱ्यापैकी चालतो, म्हणून मुलांचा त्यावर विश्वास बसतो, आणि नेमका गरजेच्या वेळी तो दगा देतो.

धड्यांची रचनाही या सवयीला खतपाणी घालते. वजाबाकीच्या धड्याखाली आलेली उदाहरणं वजाबाकीचीच असणार, हे मुलांना वाचल्याशिवाय कळतं. ‘अधिक की वजा’ हा प्रश्न खऱ्या अर्थानं उभा राहतो तो परीक्षेत, जेव्हा सगळ्या धड्यांची उदाहरणं एकत्र येतात.

ग्रेनोबल या फ्रेंच शहरातल्या गणितशिक्षण संस्थेनं १९८० च्या सुमारास मुलांना विचारलं होतं, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेल्या आकड्यांतून काहीतरी हिशोब करून वय सांगितलं. मी आमच्या वर्गात त्याची कोळीवाड्याची आवृत्ती दिली. होडीत १८ टोपल्या बोंबील आणि ७ टोपल्या कोळंबी आहे, तर तांडेलाचं वय किती? एक मुलगा ओरडला, “वय कुठे दिलंय, ताई?” आमच्या मुलीनं २५ लिहिलं. विचारल्यावर तिनं बाजूही मांडली : “अठरा वजा सात अकरा येतात, अकरा वर्षांचा तांडेल नसतो. म्हणून अधिक केलं.” म्हणजे उत्तर शक्यतेत बसतं का, हे ती तपासत होती. विचार करण्याची ताकद भरपूर होती, फक्त ती क्रियेच्या निवडीवर खर्च होत होती. वर्गात मी तिचं म्हणणं सगळ्यांना ऐकवलं, कारण त्यातला अर्धा भाग खरोखर चांगला होता.

आकडे झाकले

उपायाची सुरुवात आकडे काढून घेण्यानं केली. त्याच रमा-सीमाच्या उदाहरणात २४ वर आणि ९ वर कागदाचे तुकडे चिकटवले.

“आकडे नाहीत, ताई. कसं करू?”

“करायचं नाही. काय चाललंय ते सांग.”

ती अस्वस्थ झाली. हात पेन्सिलीकडे जाई आणि परत येई. “रमाकडे मणी आहेत. सीमाकडे पण आहेत.” मग? “जास्त आहेत.” कोणाकडे? ती दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवून थांबली. ‘ते’ या शब्दावर. हे ‘ते’ कोण? तिला सांगता येईना. पहिलं वाक्य पुन्हा वाचलं, दुसरं वाचलं, पुन्हा पहिलं. ‘ते’ म्हणजे रमाचे मणी, हे तिला स्वतःला सापडलं. “मग रमाकडे जास्त. सीमाकडे कमी.” तुकडे काढले. २४, ९. तिनं १५ लिहिलं आणि मला रागानं विचारलं, “मग पुस्तकात ‘जास्त’ का लिहिलंय?”

त्या सबंध काळात तिनं विचारलेला हा सगळ्यात मोलाचा प्रश्न. उत्तर तिनंच काढावं म्हणून मी म्हटलं, हे रमाच्या बाजूनं सांगितलंय, तू सीमाच्या बाजूनं सांग. थोड्या वेळानं म्हणाली, “सीमाकडे रमापेक्षा ९ मणी कमी आहेत.” गोष्ट तीच, मणी तेवढेच, आणि ‘जास्त’ची जागा ‘कमी’नं घेतली. शब्दावर क्रिया टांगता येत नाही, हे सांगायला मला दुसरं काही करावं लागलं नाही.

तिथून पुढे ‘दोन्ही बाजूंनी सांगा’ हा सगळ्या वर्गाचा रोजचा सराव झाला. बारा डब्यांची लोकल पंधरा डब्यांच्या लोकलपेक्षा तीन डब्यांनी लहान, आता पंधरावालीच्या बाजूनं सांगा. भांडुपहून ठाणं तिसरं स्टेशन, कुर्ला पाचवं, मग कुर्ला ठाण्यापेक्षा दोन स्टेशनं लांब, आता ठाण्याच्या बाजूनं. मुलं घरून नवीन जोड्या आणायला लागली. या सरावाला वही लागत नाही, पाच मिनिटं पुरतात, आणि तुलनेच्या उदाहरणांसाठी याच्याइतकं कामाचं मला दुसरं काही मिळालेलं नाही.

दुसरं साधन पट्ट्यांचं. सिंगापूरच्या प्राथमिक शाळांत १९८० च्या दशकापासून उदाहरणातली प्रत्येक राशी आडव्या पट्टीनं दाखवायची पद्धत आहे. आम्ही चौकटीच्या वहीचा कागद कापून पट्ट्या केल्या. रमाची पट्टी, तिच्याखाली सीमाची, जास्तीच्या तुकड्यावर ९, माहीत नाही तिथे प्रश्नचिन्ह. बऱ्याच मुलांना याचा लगेच फायदा झाला. आमच्या मुलीनं मात्र काही दिवसांत त्यातही नियम शोधला. ज्याचं नाव पहिलं येईल त्याची पट्टी लांब! सुरुवातीच्या उदाहरणांत तसं होतं, आणि तक्त्याची सवय असलेलं मूल कुठल्याही साधनात तक्ता शोधतं. मग क्रम ठरवून घेतला. आकडे झाकलेले असतानाच दोन्ही नावं लिहायची, जास्त कोणाकडे ते तोंडानं सांगायचं, आणि नंतरच पट्टी कापायची. आकडे सगळ्यात शेवटी उघडायचे. कापलेली पट्टी परत जोडता येत नाही, त्यामुळे कात्री हातात घेण्यापूर्वी ती खरोखर थांबायला लागली.

पुस्तकी वाक्यांचा अडसर वेगळा होता. ‘दुकानदाराने विकत आणलेल्या १४४ पेनांपैकी ५७ पेने विकल्यावर त्याच्याकडे शिल्लक राहिलेली पेने किती?’ एका वाक्यात तीन घटना कोंबल्या आहेत. आमच्या मुलांच्या बोलण्यात ‘पैकी’, ‘अनुक्रमे’, ‘शिल्लक’ क्वचितच येतात, आणि गल्लीत खेळताना निम्मं बोलणं हिंदीत चालतं. असं वाक्य आलं की ते छोट्या वाक्यांत मोडून सांगायचं : त्यानं पेनं आणली, काही विकली, आता किती आहेत? मोडताना मुलं स्वतःची भाषा वापरतात, ती मी सुधारत नाही. ‘पैकी’ मात्र मुद्दाम शिकवते, कारण ते परीक्षेत येणारच.

आईची शंका रास्त होती. “मॅडम, तासाभरात दोनच उदाहरणं? पेपरात तर पंधरा असतात.” मी त्यांना जुनी आणि नवी पानं शेजारी ठेवून दाखवली, आणि मुलीला त्यांच्यासमोर एक उदाहरण सोडवायला लावलं. आकडे तिनं तळहातानं झाकले. कागद चिकटवण्याची गरज तोवर संपली होती. किती वेळ लागला ते आईनं बघितलं आणि पुन्हा तो प्रश्न काढला नाही.

तिनं केलेलं उदाहरण

मुलांनी स्वतः उदाहरण रचावं, असं मी आठवड्यातून एकदा करते. चढावर पाणी ठरलेल्या वेळी येतं, त्यामुळे तिचं उदाहरण पाण्याचंच होतं : ‘आमच्या घरी ८ हंडे भरले. ते शेजारच्या काकूंच्या हंड्यांपेक्षा ३ ने कमी आहेत. काकूंनी किती हंडे भरले?’

‘कमी’ लिहून बेरीज करायला लावणारं उदाहरण तिनं जाणूनबुजून रचलं होतं. शेजारच्या मुलानं ५ सांगितलं. ती त्याच्या वहीवर वाकली, आठावर हात ठेवला आणि म्हणाली, “आकडे नको बघू. आधी सांग, कमी कोणाकडे?” मी हे तिला शिकवायला सांगितलं नव्हतं. ज्याला रचता येतं त्याला सांगाडा दिसू लागलेला असतो. नुसत्या बरोबर उत्तरांपेक्षा मला या उदाहरणावरून तिच्या प्रगतीची जास्त खात्री पटली.

अजून काय बाकी आहे

तुलनेची आणि ‘सुरुवातीला किती होते’ प्रकारची उदाहरणं आता तिची क्वचित चुकतात. पण सगळं सुटलं असं लिहिणं खोटं ठरेल.

बाकी उरणारे भागाकार बघा. राणीच्या बागेत सहलीला १३० मुलं जायची आहेत, एका बसमध्ये ४० बसतात, तर किती बस लागतील? सुरुवातीला ती ‘३ बस, बाकी १०’ लिहून थांबायची. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या राष्ट्रीय चाचणीतही असंच झालं होतं. ११२८ सैनिक, बसमागे ३६. सुमारे ७० टक्के विद्यार्थ्यांनी भागाकार बरोबर केला, पण ३२ बस हे उत्तर एक चतुर्थांश जणांनीही दिलं नाही. उरलेली १० मुलं कुठे बसणार, असं विचारल्यावर ती ४ वर आली. पुढच्याच दिवशी १३० फुलं, एका हाराला ४०, तर किती हार पूर्ण होतील, यालाही तिनं ४ लिहिलं. बाकी उरली की एक वाढवायचा, हा नवा तक्ता तयार! त्यामुळे आता बसचं आणि हाराचं उदाहरण नेहमी जोडीनं देते, आकडे तेच ठेवून, म्हणजे उत्तर वेगळं येण्याचं कारण आकड्यांबाहेर शोधावंच लागतं.

दोन पायऱ्यांची उदाहरणं याहून अवघड जात आहेत. ‘केळी ६० रुपये डझन. आईने ३ डझन घेतली आणि २०० रुपये दिले. किती परत मिळाले?’ ती १८० काढते आणि पट्टीनं दोन रेघा मारते. बाजारात आईबरोबर असते तेव्हा वीस रुपये परत घ्यायला ती विसरत नाही, हे आईनंच सांगितलं. बाजारातलं गणित आणि वहीतलं गणित आपोआप जोडलं जात नाही. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला, त्यातही हेच दिसलं. गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी करणारी मुलं शाळेच्या पद्धतीच्या प्रश्नांवर अडत होती. शाळेत जाणारी मुलं उलट बाजूनं अडत होती.

केळ्यांच्या उदाहरणात मधला टप्पा, म्हणजे एकूण किंमत, कुठेच विचारलेला नाही. तो प्रश्न मुलानं स्वतः घालायचा असतो. म्हणून सध्या आम्ही आकडे उघडे ठेवतो आणि शेवटचा प्रश्न झाकतो. एवढ्या माहितीतून काय काय विचारता येईल, ते लिहायचं. गेल्या आठवड्यात तिनं चार प्रश्न लिहिले : एका केळ्याला किती पडले, केळी एकूण किती झाली, केळ्यांचे किती झाले, परत किती मिळाले. तिसऱ्याचं उत्तर काढल्याशिवाय चौथ्याचं निघत नाही, हे अजून मलाच विचारून घ्यावं लागतं. तिनं ते स्वतःहून म्हणेपर्यंत दोन पायऱ्यांच्या पुढची उदाहरणं तिला द्यायची नाहीत, असं मी ठरवलं आहे.